गवतातला गुलाब

संत्र्याची साल मेणबत्तीच्या ज्योतीपुढे धरून दाबली की तडतड आवाज करत बारीक ठिणग्या उडतात. विदर्भात वाढलेल्या माणसाला हा खेळ सांगावा लागत नाही. रात्री वीज गेली की घरोघरी हाच कार्यक्रम असे आणि सालीतला फवारा धाकट्या भावंडाच्या डोळ्यांत गेला की आईची बोलणीही ठरलेली असत. त्या ठिणग्या कशाच्या, हे मात्र आपण क्वचितच विचारले. सालीवर जे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात, त्या प्रत्येक ठिपक्याखाली तेलाची एक सूक्ष्म पिशवी असते. साल दाबली की पिशवी फुटते, तेलाचा फवारा उडतो आणि ज्योतीत पेट घेतो. खाऊन झाल्यावर आपण जी साल उकिरड्यावर टाकतो, तिच्यातले तेल सरबतापासून साबणापर्यंत सगळीकडे वापरले जाते. कारखान्यातही ते असेच, साल दाबून किंवा खरवडून काढतात.

तेल म्हटले तरी हे जवसाचे किंवा मोहाच्या टोळीचे तेल नव्हे. पारख अगदी सोपी आहे. कोऱ्या कागदावर जवसाच्या तेलाचा एक थेंब टाका आणि शेजारी निलगिरीच्या तेलाचा एक. जवसाचा डाग महिनाभराने पाहिलात तरी तिथेच असेल. निलगिरीचा थेंब काही वेळात उडून जाईल आणि जाताना घरभर वास सोडून जाईल. म्हणून परिभाषा करणाऱ्यांनी याला ‘बाष्पनशील तेल’ असे भारदस्त नाव दिले आहे. बाजारात त्याला नुसते ‘सुगंधी तेल’ म्हणतात. तुळशीचे पान चुरगळल्यावर येणारा वास, ओव्याचा झणका, पहिल्या पावसात गवती चहाच्या ठोंबाजवळून जाताना येणारा दरवळ, हे सगळे या तेलांचेच काम. झाडाला त्याचा उपयोग आपल्या नाकासाठी नाही. कीड दूर ठेवायची, खाणाऱ्याचे तोंड भाजवायचे, फुलावर किडा बोलवायचा, असले त्याचे स्वतःचे व्यवहार असतात.

झाड हे तेल फार हात राखून करते. लवंग त्यातली श्रीमंत. तिच्या वजनाच्या १५ टक्क्यांच्या आसपास तेल असते, म्हणून एक लवंग दाढेखाली धरली तरी ठणका थांबतो. गुलाब मात्र अगदी दरिद्री. एक किलो अस्सल गुलाबतेलाला साडेतीन-चार टन फुले लागतात. गवते या दोघांच्या मध्ये, पण गुलाबाच्या बाजूला बसतात. गवती चहा किंवा तिखाडी यांचे १०० किलो ओले गवत घेतले तर हाती साधारण अर्धा किलो तेल येते. हा अर्धा किलो लक्षात ठेवावा. पुढे त्याच्यावरच सगळा हिशेब उभा आहे.

हा विषय आज काढण्याचे कारण आमच्या गावात घडते आहे. गोंदियाहून कोहमाऱ्याकडे निघाले की वाटेत गोरेगाव लागते. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, पण आमचे जगणे त्याआधी आणि त्यानंतरही धानाचेच. बांध्या, बोड्या, मामा तलाव, दूरवर नागझिऱ्याचे जंगल आणि मधूनमधून मुरमाड टेकरे, जिथे पूर्वी कोदो-कुटकी होत असे आणि आता काहीच होत नाही. या टेकरांवर गेल्या काही काळात लोकांचा डोळा आहे. गाडीवर फलक लावून माणसे येतात, सुगंधी गवताचे ठोंब विकतात आणि ‘तेल आम्हीच घेऊ’ असे छापील कागदावर लिहून देतात. माझा एक जुना विद्यार्थी तसला कागद घेऊन घरी आला. त्याची चार एकर बांधी आणि एक एकर बरड. म्हणाला, “सर, धानात काई उरत नाई. हे गवतच तं लावाचं आहे. तुमी केमिस्ट्री शिकवली, तुमीच सांगा, सही करू का नको?”

आयुष्यभर फळ्यावर ऊर्ध्वपातनाची आकृती काढणाऱ्या मास्तराला असा प्रश्न क्वचित येतो. मी त्याला म्हटले, सही राहू दे. आधी तेल कसे निघते ते समजून घे, मग पैसा कुठे निघतो ते आपोआप समजेल.

खरे तर आमच्या भागात ऊर्ध्वपातन शिकवण्यासारखी सोपी गोष्ट नाही. वर्गात ‘भट्टी’ म्हटले की मागच्या बाकावर हशा पिकतो. मडक्यात मोहफुलाचा आंबवण, खाली जाळ, वर नळी, नळीवर गार पाणी आणि शेवटी बाटली, एवढी रचना पोरांना पुस्तकाआधीच ठाऊक असते. सुगंधी तेलाची भट्टी तिची सख्खी बहीण, फक्त जरा अब्रूदार. मोठ्या टाकीत तळाशी पाणी, त्याच्यावर जाळी आणि जाळीवर दाबून भरलेले गवत. खाली जाळ लावला की वाफ गवतातून वर चढते, पानांतल्या पिशव्या फोडते आणि तेलाला बरोबर घेऊन नळीत शिरते. नळी गार पाण्याच्या हौदातून फिरवलेली असते. तिथे वाफेचे पुन्हा पाणी होते आणि तेलाचे तेल. दोघे एका भांड्यात पडतात. तेल हलके म्हणून वर तरंगते, पाणी खालच्या तोटीने काढून टाकतात. लवंगेचे तेल तेवढे पाण्यापेक्षा जड, ते तळाशी बसते. वाळ्याचे तेल तर पाण्याच्या इतके बरोबरीचे की वर जावे की खाली, हे त्याला लवकर ठरवताच येत नाही.

यात एक गंमत आहे आणि ती समजली की साऱ्या धंद्याची किल्ली मिळते. गवतातल्या तेलाचा मुख्य घटक एकटा उकळायचा म्हटला तर २३० अंशांच्या आसपास तापवावे लागते. तेवढ्या आचेवर त्याचा नाजूक वास करपून जाईल. पण पाण्याच्या सोबतीने तेच तेल १०० अंशांच्या आतच वाफ होऊन निघते. कारण पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत. मिसळत नाहीत म्हणून एकमेकांना अडवतही नाहीत. दोघेही आपापल्या परीने वाफ होतात, दोघांच्या वाफांचा दाब एकत्र जमतो आणि त्यांची बेरीज बाहेरच्या हवेच्या दाबाएवढी झाली की उकळी फुटते. एकट्या पाण्यालाही जितके तापावे लागते, त्याहून थोडे कमीच. न मिसळणाऱ्यांची अशी सोबत निसर्गातच दिसते. आमच्या ग्रामपंचायतीत अजून दिसलेली नाही.

घरी पाहायचे असेल तर रविवारची दुपार पुरेशी आहे, फक्त मोठे माणूस जवळ असावे. खोलगट पातेल्यात तळाशी एक उलटी वाटी ठेवा आणि तिच्यावर एक सुलटी, रिकामी. भोवती अंगणातला गवती चहा बारीक कापून टाका आणि वरच्या वाटीत शिरणार नाही इतके पाणी घाला. पातेल्यावर झाकण उलटे ठेवा, म्हणजे त्याची मूठ बरोबर वाटीच्या वर येईल. झाकणावर बर्फाचे खडे टाका आणि मंद आचेवर अर्धा तास ठेवा. वाफ थंड झाकणाला लागते, घसरत मुठीपर्यंत येते आणि वाटीत ठिबकते. झाकण पिठाने वगैरे मुळीच बंद करायचे नाही. कोंडलेली वाफ हा खेळ नव्हे. पातेले निवल्यावर वाटी काढलीत तर तिच्यात वासाचे पाणी असेल आणि त्याच्यावर प्रकाशात तिरके पाहिले तर तेलाचा पातळ, सप्तरंगी तवंग. एवढ्या खटाटोपाचे फळ तेवढेच. ते पाहिले म्हणजे अत्तराची कुपी एवढीशी का असते हे मुलांना सांगावे लागत नाही. ते पाणी फेकू नका, गुलाबपाणी याच घराण्यातले.

तेल काढण्याच्या दुसऱ्याही तऱ्हा आहेत. मोगऱ्यासारखी काही फुले वाफ सोसत नाहीत. उत्तरेकडे पूर्वी तिळाचे आणि फुलांचे थरावर थर रचून ठेवत. तीळ वास पिऊन घेत, मग तो घाण्यात घातला की फुलेल तेल तयार. कनौजचे अत्तरवाले तांब्याच्या डेगेत फुले शिजवतात आणि वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. आणि फोडणी म्हणजे तरी काय? तापल्या तेलात जिरे-हिंग टाकून त्यांचा वास तेलात बंदिस्त करायचा. आपल्या आया-आज्या रोज दोनदा हा प्रयोग करतात, त्यांना कुणी रसायनशास्त्रज्ञ म्हणत नाही, इतकेच.

आता तिखाडीकडे वळतो. माझ्या विद्यार्थ्याच्या कागदावर जी दोन गवते होती, त्यातले एक गवती चहाच्या जातीचे आणि दुसरे हे. संस्कृतात रोहिष, मराठीत रोशा, विदर्भात तिखाडी. पावसाळा सरता सरता डोंगरउतारावर पुरुषभर उंचीचे होते, शेंडे तांबूस पडतात आणि चुरगळले की चक्क गुलाबाचा वास येतो. जुनी माणसे गुडघे धरले की त्याचे तेल चोळत. या गवतामागे केवढा इतिहास आहे, हे त्या गाडीवाल्याला ठाऊक असते तर त्याने ठोंबाचा भाव दुप्पट केला असता.

याचे शास्त्रीय नाव ‘सिंबोपोगॉन मार्टिनी’. त्यातला मार्टिन म्हणजे लखनौचा प्रसिद्ध फ्रेंच जनरल क्लॉड मार्टिन, ज्याच्या पैशावर ला मार्टिनियर शाळा उभ्या राहिल्या. टिपू सुलतानाबरोबरच्या लढाईत तो फौजेबरोबर बालाघाटच्या पठारावर गेला होता. (आमच्या शेजारचा बालाघाट नव्हे, दक्षिणेतला. टिपू इकडे आला नव्हता.) तिथे त्याने पाहिले की जनावरे एक वासाचे गवत अधाशासारखी खातात आणि त्या वासाने त्यांचे दूध आणि लोणीही दरवळते. त्याने बी गोळा करून लखनौला पेरले. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गने १८२० मध्ये छापलेल्या ग्रंथात या गवताला त्याचे नाव दिले. आपल्या गुराख्यांना ते आधीपासून ठाऊक होते, पण गुराख्यांच्या नावाने वनस्पती ओळखल्या जात नाहीत.

तेलाचा धंदा मात्र आपल्या महाराष्ट्रातला. खानदेशात पिंपळनेर हे त्याचे जुने माहेर. नंदुरबार, शहादा, तळोदा आणि अक्राणीचे डोंगर या टापूत एकोणिसाव्या शतकात रोशाच्या भट्ट्या जागोजागी पेटत. पलीकडे निमाड, बैतूल आणि इकडे वऱ्हाडातले अमरावती, बुलढाणा, यवतमाळ. पावसाळा संपला की भट्टीवाले ओढ्याकाठी मुक्काम टाकत, कारण ओढ्याशिवाय हा धंदा होत नाही. दगडमातीच्या चुलीवर मोठी कढई, तीत गवत आणि पाणी. वर लाकडी झाकण आणि त्याच्या फटी भिजवलेल्या पिठाने लिंपलेल्या. झाकणातून निघालेली पोकळ बांबूची नळी सुतळीने गुंडाळलेली, आणि तिचे दुसरे टोक ओढ्याच्या गार पाण्यात बुडवून ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यात. ना काच, ना थर्मामीटर. भट्टी उतरवायची वेळ नाक सांगे. गवत कापून डोक्यावर वाहून आणणारे बहुतेक डोंगरातले आदिवासी, भट्टी दुसऱ्याची आणि तेल घेणारा व्यापारी तिसराच.

हे तेल मुंबईला जाई आणि तिथून जहाजाने तांबड्या समुद्रातल्या बंदरांमार्गे कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला. तिथे गेल्यावर त्याचा नवा जन्म होई. युरोपच्या बाजारात त्याचे नाव ‘टर्किश जिरेनियम ऑइल’. ते तुर्की नव्हते आणि जिरेनियमचेही नव्हते, होते आपल्या खानदेशातले गवत. तुर्की व्यापारी त्यात डिंकाचे पाणी आणि लिंबाचा रस घालून घुसळत, उन्हात ठेवून त्याचा रंग उतरवत आणि मग ते बल्गेरियाकडे रवाना होई. बल्गेरियात कझानलक नावाचे खोरे आहे, जगातल्या अस्सल गुलाबतेलाचे पीठ. तिथे आपल्या रोशाचे काम एकच, गुलाबतेलात भेसळ. काही चतुर लोक तर तयार तेलात मिसळण्याच्या भानगडीतच पडत नसत. गुलाबाच्या पाकळ्या भट्टीत घालायच्या आधीच त्यांच्यावर हे तेल शिंपडत, म्हणजे भट्टीतून जे बाहेर येईल ते शपथेवर ‘गुलाबाच्या भट्टीतले तेल’.

ही भेसळ पकडणे सोपे नव्हते. रोशाच्या तेलात ७० ते ९० टक्के जिरॅनिऑल नावाचे द्रव्य असते आणि तेच जिरॅनिऑल गुलाबाच्या तेलातही निसर्गतः असते. म्हणजे नकली माल आणि असली माल यांचा गाभा एकच. पारखी लोक मग थंडीची मदत घेत. शुद्ध गुलाबतेल गारठ्यात गोठते, त्यातल्या मेणासारख्या भागाचे स्फटिक दिसू लागतात. रोशा मिसळला की गोठायला उशीर होतो.

आता त्या साखळीत कुणाला काय मिळाले ते बघा. पॅरिसची बाई गुलाबाच्या भावाने पैसे मोजत होती. बल्गेरियाच्या भट्टीवाल्याने, इस्तंबूलच्या दलालाने आणि मुंबईच्या व्यापाऱ्याने आपापला वाटा काढला. अक्राणीच्या डोंगरात ज्याने विळ्याने गवत कापले त्याला गवताच्या भाऱ्याचे दाम मिळाले. त्याच्या गवतात गुलाब आहे, हे त्याच्या नाकाला कळत होते. बाजाराला ते कळवण्याचे साधन त्याच्याकडे नव्हते. आणि मुंबईपर्यंत जाता जाता आपल्याच लोकांनी या तेलात टर्पेंटाइन, रॉकेल, खोबरेल अशा वस्तू ओतून त्याची पत घालवली, हेही सांगितले पाहिजे. भेसळीच्या मालात भेसळ! तिकडे हेच तेल भेसळ म्हणून न वापरता स्वतःच्या गुणावर साबणात आणि अत्तरात वापरले जाऊ लागले, ‘पामारोझा’ हे स्वतंत्र नाव त्याला मिळाले, पण ते फार नंतर.

रोशाची गोष्ट एकटी नाही. आपल्या ओव्यातून थायमॉल निघते, जखमा धुण्याच्या औषधांत आणि दंतमंजनात लागणारे. १९१४ पर्यंत ओवा इथून जर्मनीला जाई, तिथे त्यातून थायमॉल काढत आणि ते जगभर, आपल्याकडेसुद्धा, विकायला येई. म्हैसूरचे चंदनही तसेच लिलावात विकले जाऊन बरेचसे जर्मन भट्ट्यांत जाई. पहिले महायुद्ध पेटले, जर्मनीची वाट बंद झाली आणि चंदनाचे ओंडके पडून राहिले. तेव्हा म्हैसूर संस्थानाने १९१६ मध्ये बंगळूरला स्वतःचा चंदनतेलाचा कारखाना काढला, पाठोपाठ म्हैसूरलाही. त्यातूनच पुढे म्हैसूर संदल साबण आला. झाड तेच आणि मातीही तीच, भट्टीची जागा तेवढी बदलली. मुंबईत १९२२ मध्ये एस. एच. केळकर आणि कंपनी सुरू झाली आणि मराठी माणसाने सुगंधाच्या व्यवहारात पाय रोवला, हेही याच काळातले.

हे सारे त्या विद्यार्थ्याला सांगितले तेव्हा तो जरा वैतागला. “सर, तुर्कस्तान राहू द्या, माह्या बरडाचं सांगा.” रास्त होते. मग आम्ही वहीवर हिशेब मांडला.

पहिली गोष्ट जमिनीची. तिखाडीला पाणी साचलेले चालत नाही. खुला उतार आणि निचऱ्याची जमीन हेच तिचे घर. जुने भट्टीवाले तिच्या दोन तऱ्हा सांगत, मोतिया आणि सोफिया. दिसायला सारख्याच. मोतिया उघड्या, कोरड्या उतारावर वाढते आणि तिचे तेल गुलाबासारखे. सोफिया ओलसर, दाट जागी माजते आणि तिच्या तेलाला सुंठेची झाक, भावही कमी. म्हणजे बी घेताना फसलो तर वास येईपर्यंत कळायचे नाही. आमच्या बांध्यांत पाणी उभे असते, तिथे यातले काहीच लावू नये. बरडावर प्रयोग करायला हरकत नाही. कुणीतरी त्याला धुऱ्यांवर वाळा लावायलाही सुचवले होते. वाळ्याला पाणी चालते आणि दुष्काळही चालतो, धुरा तो घट्ट धरतो. पण त्याचे तेल मुळांत असते. तेलासाठी मुळे खणली की धुरा फुटला. दोन्ही फायदे एकाच धुऱ्यावर सांगणाऱ्याने कुदळ कधी हातात घेतली नसावी.

दुसरी गोष्ट जनावरांची. ‘या गवताला कोणतेही जनावर तोंड लावत नाही’ असे कागदावर ठळक छापले होते. गवती चहाला गुरे सहसा टाळतात, ते बरेचसे खरे. पण तिखाडीबद्दल क्लॉड मार्टिनची साक्ष नेमकी उलट आहे! कोवळी असताना कुंपण लागणारच. तिसरी गोष्ट मजुरांची. तिखाडीत तेल सर्वांत जास्त असते ते फुलोऱ्यात, काड्यांत जवळजवळ नसतेच. फुलोरा येतो पावसाळ्याच्या शेवटी, आणि आमच्याकडे तेव्हाच धान कापणीला येतो. त्या दिवसांत गोरेगाव तालुक्यात मजूर शोधून दाखवावा.

आणि मुख्य गोष्ट वजनाची. तो अर्धा किलो इथे उपयोगी पडतो. एका कापणीत बरडावर समजा तीन टन गवत निघाले. त्याचे तेल १५ किलो. तीन टन गवत ट्रॅक्टरवर लादून दूरच्या भट्टीवर न्यायचे म्हणजे भाडे मोजून पाण्याची आणि चोथ्याची वाहतूक करायची. शिवाय कापलेले गवत सावलीत एखादा दिवस सुकले तर चालते, उन्हात ढिगाने पडून राहिले तर तेल हवेत आणि ढीग कुजायला. तेलाचे १५ किलो मात्र दोन डब्यांत भरून बसने नेता येतात. म्हणून भट्टी शेताजवळच पाहिजे. भट्टी शेताजवळ नसेल तर विकायला उरते ते नुसते गवत, आणि नुसते गवत विकणाऱ्याचे काय होते ते अक्राणीत पाहिलेच आहे.

पण एका एकरासाठी भट्टी बांधणे म्हणजे एका म्हशीसाठी दूधडेअरी काढणे. ५०० किलो गवत मावेल अशी टाकी घेतली तर एका भरतीला तीन-चार तास लागतात आणि अडीच किलो तेल निघते. तीन टनांचे काम दोन-तीन दिवसांत संपले की टाकी पुढच्या कापणीपर्यंत रिकामी. आठ-दहा शेतकरी एकत्र आले आणि पाळी लावली तर ती चालते. जळणासाठी जंगल तोडावे लागत नाही, वाळवलेला चोथाच पुढच्या भरतीला जाळता येतो. गार पाण्याला बोडी आहे. टाकी लोखंडाची करू नये, तेल काळवंडते. स्टेनलेस स्टील महाग पडते, पण एकदाच.

मग मी तो छापील कागद पुन्हा वाचून पाहिला. ठोंबाची किंमत पहिल्याच पानावर, आगाऊ भरायची. दोन-दोन फुटांवर लावले तरी एकराला १०,८९० ठोंब. तेलाच्या खरेदीचे कलम शेवटच्या पानावर, आणि त्यात ‘गुणवत्तेनुसार’ एवढाच शब्द. गुणवत्ता कोण ठरवणार, कशावर, कुठे, याचा पत्ता नाही. गवती चहाच्या तेलाचा भाव त्यातल्या सिट्रालच्या टक्क्यांवर ठरतो आणि तिखाडीचा जिरॅनिऑलवर. हे टक्के नाकाने सांगता येत नाहीत, गॅस क्रोमॅटोग्राफी नावाच्या तपासणीने कळतात. ती तपासणी घेणाऱ्यानेच करायची आणि विकणाऱ्याने मान डोलवायची, असा तो करार. शिवाय गवती चहाचा एक ठोंब वर्षभरात फुटून त्याचे कित्येक ठोंब होतात. ज्याने पहिल्या वर्षी चार गुंठे लावले, त्याला दुसऱ्या वर्षी एकराचे बेणे घरचेच मिळते. ठोंब विकणाऱ्याचा नफा ठोंबात आहे, तेलात नाही, हे कागदच सांगत होता.

सगळेच काही असे नाहीत, हेही सांगायला हवे. लखनौला १९५९ पासून केंद्रीय औषधी आणि सुगंधी वनस्पती संस्था आहे, ‘सिमॅप’ या नावाने शेतकरी तिला ओळखतात. तिने या गवतांच्या सुधारित जाती दिल्या, भट्ट्यांचे आराखडे केले आणि २०१७ नंतर ‘अरोमा मिशन’खाली अनेक राज्यांत ही पिके नेली. कनौजला १९९१ पासून सुगंध आणि स्वाद विकास केंद्र आहे, तिथेही तेल तपासून मिळते. तेलाची छोटी बाटली कुरियरने पाठवायची आणि टक्के कागदावर आणायचे. मग भाव करताना आपल्याही हातात एक कागद असतो. खानदेशातल्या भट्टीवाल्याकडे तेवढाच नव्हता.

त्याने सही केली नाही. बरडाच्या कोपऱ्यात चार गुंठ्यांत गवती चहाच्या जातीचे ठोंब लावले आहेत. कापणी धानाच्या आड येत नाही म्हणून आधी तेच घेतले. तिखाडीचे बी एका वाफ्यात टाकले आहे, ते मोतिया निघते की सोफिया ते फुलोऱ्यात कळेल. शेजारचे सात जण ‘पाहू’ म्हणतात. आमच्याकडे ‘पाहू’चा अर्थ पुष्कळदा नाही असा असतो, पण त्यातले दोघे परवा बोडीकाठची जागा मोजायला आले होते. गोंदियाच्या एका वेल्डरने ३०० किलोच्या टाकीचा अंदाज काढून दिला आहे. त्याने नळी सरळ धरली होती. हौदात तिला वेढे किती द्यायचे, ते मी या आठवड्यात मोजून कळवणार आहे, कारण वैशाखात बोडीचे पाणी कोमट असते आणि कोमट पाण्यात सरळ नळीतून अर्धी वाफ तशीच निघून जाईल.